निळं होल, पिवळं होल

जे लोक शनिवारी घरी जाताना संगणक नीट बंद करून गेले, त्यांचं नेट सोमवारी गेलं. जे कधीच बंद करत नाहीत, ज्यांना मी वीजबिलावरून कायम टोमणे मारते, त्यांचं मात्र मजेत चालू होतं. विद्यापीठाच्या एका विभागात संगणक आणि नेटवर्क सांभाळायचं काम मी करते, तेही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. शिस्त पाळणाऱ्याला शिक्षा आणि बेशिस्ताला बक्षीस, असं आमच्या कार्यालयात होतच असतं म्हणा, पण यंत्रांनीही तेच करावं याचं नवल वाटलं.

आधी शनिवारचं थोडक्यात. मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या नेटच्या वायरी जिथे जुळतात ते यंत्र, जुना झाला होता, कंपनीने त्याचे अपडेट देणं बंद केलं होतं. त्याच्या जागी नवा बसवायचा, सोबत नवी फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या नेटच्या दारावरची पहारेकरीण, आणि ज्या यंत्राची नोंद आहे त्यालाच यापुढे नेट मिळणार. हे आमच्या हौसेखातर नव्हतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. कोणतं यंत्र कोणाचं हेच ठाऊक नसेल तर त्या लॉगचं लोणचं घालायचं का?

म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेकडून यंत्रांची यादी मागवली होती. सूचना ईमेलवर इंग्रजीत, फलकावर मराठीत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही भाषांत. ग्रुपवर अंगठे भरपूर आले. आमच्याकडे अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं नाही, पण पाहिलं’ एवढाच असतो.

मे महिना निवडला तो विभाग रिकामा असतो म्हणून. पण नागपूरचा मे म्हणजे सर्व्हर रूमची वार्षिक परीक्षा. २३ मे २०१३ ला या गावात ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस त्या आकड्याशी आजच्या उन्हाची तुलना करतो. आमच्या दोन एसींपैकी एक दुरुस्तीला गेलेला. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विद्वान सुचवतो की मॅडम, तिथे एक कूलर बसवून टाका ना. अहो, कूलर ओल्या वुडवूलमधून हवा ओढतो. खोलीत थंडावा येतो तो बाष्पासकट, आणि ते बाष्प सर्किटवर बसतं. भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसाला हे मी समजावून सांगायचं!

असो. शनिवारी मध्यरात्रीनंतर सगळे दिवे हिरवे झाले. रविवारी मी आणि ठेकेदाराच्या पोरानं प्रत्येक मजल्यावर एकेक यंत्र लावून पाहिलं. सगळं चालत होतं.

सोमवारी साडेदहापर्यंत शांतता होती. मग दुसऱ्या मजल्यावरून पहिला फोन आला, “मॅडम, नेट काऊन नाही चालून राह्यलं?” त्यानंतर फोन ठेवायलाच मिळेना. आणि नेमका त्याच मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये साडेअकराला एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा ओपन व्हायवा होता, बाहेरचे परीक्षक ऑनलाइन. मुलगी भंडाऱ्याकडची. आईवडील सकाळच्या गाडीने येऊन हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेले, मागच्या टेबलावर आलूबोंडे आणि संत्रा बर्फीचे डबे मांडलेले. मार्गदर्शक सर दारातच उभे. मला पाहताच म्हणाले, “हे तुमचं अपडेट!”

हॉलच्या संगणकावर आयपीकॉन्फिग चालवलं, म्हणजे त्याला त्याचा नेटवर्कमधला पत्ता विचारला. पत्ता आला १९२.१६८.०.१०४. एवढं पाहिलं आणि अर्धा जीव भांड्यात पडला, कारण आमच्याकडे हे पत्ते नाहीतच. आमचे सगळे दहापासून सुरू होतात. १९२.१६८.० ही घरोघरच्या छोट्या राउटरची वस्ती. म्हणजे आमचा स्विच ठीक होता, फायरवॉल ठीक होती. मजल्यावर कोणीतरी परकं यंत्र पत्ते वाटत बसलं होतं.

इथे जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं आणि आतल्यांनाही नसतं. संगणक चालू झाला की तो मजल्यावर हाळी देतो, कोणी पत्ता देता का पत्ता? याला डीएचसीपी म्हणतात. हाळी सगळ्यांना ऐकू जाते आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक सहसा बिनतक्रार घेतो. उत्तर देणारा खरा की तोतया, हे विचारायची सोय त्या पद्धतीत मुळातच नाही. १९९७ चा नियम आहे तो, भलेपणावर चालणारा. त्यात आमचा सर्व्हर सभ्य. पत्ता देण्याआधी तो कोणी वापरत तर नाही ना, हे एक सेकंद थांबून तपासतो. त्या सेकंदात मजल्यावरचा तोतया मोकळा होतो. ज्यांचे संगणक शनिवारपासून चालूच होते, त्यांना हाळी द्यावीच लागली नाही. त्यांच्या पत्त्याची अर्धी मुदत संपली की ते आधीच्या सर्व्हरलाच थेट विचारून मुदत वाढवून घेतात. म्हणून बेशिस्तांचं नेट शाबूत.

व्हायवाला वीस मिनिटं होती. तोतया शोधायला तेवढी पुरणार नव्हती. मी हॉलच्या संगणकाला हाताने पत्ता भरला. आमच्या राखीव पत्त्यांतला एक, बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस, सगळं पाठ असतं. मिनिटभरात परीक्षक पडद्यावर दिसायला लागले. सरांनी तोवर स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट काढून हातात धरला होता, तो त्यांनी खिशात ठेवला. आभार वगैरे काही नाही. लगेच शेजारच्या तीन खोल्यांतून मागणी आली, आमचंही तसंच करून द्या. दिलं नाही. हाताने भरलेला पत्ता पुन्हा कोणी काढत नाही, आणि दोन वर्षांनी एकाच पत्त्यावर दोन यंत्रं भांडायला लागली की पुन्हा मीच.

मग शोध. खोट्या गेटवेचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला नंबर, एआरपीच्या यादीतून काढला. कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र, हे त्या यादीत असतं. मॅकचा पहिला अर्धा भाग यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा असतो. घरगुती राउटरवाली कंपनी निघाली, अंदाज पक्का. नव्या मुख्य स्विचला विचारलं, हा मॅक कुठे दिसतो? म्हणाला, दुसऱ्या मजल्याच्या वायरवर. त्यापलीकडे तो बिचारा काय सांगणार? दुसऱ्या मजल्याचा स्विच साधा चोवीस पोर्टांचा, त्याला काही विचारताच येत नाही. तोतयांची उत्तरं दारातच अडवणारे, डीएचसीपी स्नूपिंगवाले नवे स्विच आमच्याकडे आहेत. ३१ मार्चच्या खरेदीच्या धांदलीत आलेले ते खोके स्टोअरमध्ये पडून आहेत, कारण बिलावरचा एक सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबरशी जुळत नाही, आणि डेड स्टॉक रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय वस्तू वापरता येत नाही. एका आकड्याचा घोळ. मी कंपनीचं पत्र आणून दिलं आहे. फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. चर्चा कोणी कोणाशी करायची, ते लिहिलेलं नाही.

तर मग जुनी रीत. पॅसेजमध्ये उंचावर रॅक आहे. स्टूल घेतलं, लॅपटॉपवरून खोट्या गेटवेला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, लावून ठेवली, आणि एकेक वायर उपसायला सुरुवात केली. प्रत्येक वायर काढली की कुठल्यातरी खोलीतून आरोळी यायची. वायरी उतरत गेल्या, पिंग थांबेना. शेवटच्या ओळीतली एक काढली आणि उत्तरं बंद पडली. पुन्हा लावली, सुरू. पुन्हा काढली, बंद. लेबलवर स्केचपेनने लिहिलेलं, २१४.

आमच्या विभागात २१४ नावाची खोली नाही. विद्यापीठांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या समितीच्या आधी रंगरंगोटी झाली तेव्हा खोल्यांचे नंबर बदलले, वायरींचे कोणी बदलले नाहीत. ती वायर मी बाहेरच ठेवली, ग्रुपवर लिहिलं की संगणक बंद करून पुन्हा चालू करा. माझ्या आजवरच्या सूचनांपैकी हीच एक सगळ्यांनी वाचली, आणि साडेबारापर्यंत मजला सुरळीत झाला. मग कार्यालयातल्या जुन्या बाबूंकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “जुना २१४? एक्स-रे लॅबच्या मागची खोली.”

त्या खोलीच्या भिंती दीड हात जाड. पॅसेजमधला वायफाय तिथे पोचत नाही. आत एक टेबल, रात्री उपकरणावर बसणाऱ्या संशोधकांच्या सतरंज्या, आणि कपाटाच्या मागे, धूळ खात, घरगुती राउटर. चार पिवळी होलं, एक निळं. भिंतीतली वायर पिवळ्यात.

लॅबचे परिचर काका कूलरमध्ये पाणी भरत होते. विचारलं तर जराही लपवाछपवी नाही. “मीच लावलं मॅडम. पोराचं जुनं पडलं होतं घरी. किती वर्षं झाली, मस्त चालून राह्यलं होतं. आज सकाळी बंद पडलं. निळ्या होलात नाही चाललं, तं म्हटलं पिवळ्या होलात टाकून पाहू. तरी नाही चाललं, मग दिलं सोडून.”

एवढंच. निळं होल बाहेरून नेट घेण्याचं, पिवळी आत वाटण्याची. वायर निळ्यात होती तोवर तो राउटर फक्त त्या खोलीपुरते पत्ते वाटायचा, मजल्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पिवळ्यात गेल्याबरोबर अख्खा मजला त्याचा झाला. आणि काकांनी वायर का हलवली? शनिवारपासून नोंद नसलेल्या यंत्राला नेट बंद झालं म्हणून. लॅबच्या यादीत एकच संगणक होता. राउटर कोणाच्याच मालकीचा नाही, तर तो यादीत कोण घालणार?

काकांना तो लागायचा हजेरीसाठी. हजेरीचं ॲप आवारातल्या नेटवरच चालतं, आणि काकांची ड्युटी नेट नसलेल्या खोलीत. रोज दोनदा जिना चढून-उतरून गुडघे दुखले, म्हणून पोराचा राउटर आणला. पुढे संशोधक वापरायला लागले. पासवर्ड अख्ख्या मजल्याला ठाऊक होता. त्या दिवशी व्हायवा दिलेली मुलगीसुद्धा, नंतर बर्फी द्यायला आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, माझं अर्धं रिव्ह्यूचं वाचन त्याच वायफायवर झालं.” ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला. आमच्या लॉगमध्ये त्या खोलीतली सगळी माणसं मिळून एकच यंत्र दिसायची, कारण घरगुती राउटर आपल्यामागच्या सगळ्यांना एकाच पत्त्याआड लपवतो.

त्या खोलीसाठी वायफाय हवा म्हणून लॅबने अर्ज केलेला होता. मी शिफारशीसह पुढे पाठवला होता. ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करता येईल’ या शेऱ्यासह तो फायलीत आहे.

संध्याकाळी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी, मग विचारलं, “म्हणजे अपडेट केलं नसतं तर हे झालं नसतं?” नसतं झालं. याला माझ्याकडे उत्तर आहे, लांबलचक आहे, आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्यांनी होय-नाहीत विचारलं होतं. पुढे म्हणाले, अहवाल द्या, जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा, अनधिकृत उपकरण म्हणजे कारवाई करावी लागेल. काकांच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही. या वयात मेमो म्हणजे पेन्शनचे कागद अडायला निमित्त, हे सरांनाही कळतं. त्यांना वरून विचारणा होणार, त्यांचंही काही चूक नाही.

मी अहवालात खोलीचा जुना नंबर, नवा नंबर, पोर्ट, मॅक, वेळा, सगळं लिहिलं आहे. कारणं ओळीने लिहिली आहेत: स्टोअरमधले खोके, फायलीतला अर्ज, हजेरीचं ॲप, मग राउटर. नावाची जागा रिकामी आहे. ठेकेदाराचा पोरगा म्हणतो, “अज्ञात लिहा ना मॅडम.” अज्ञात कसं लिहू? काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आणि नाव लिहायचंच तर एकट्या त्यांचंच का?

मंगळवारी एक्स-रे लॅबची दोन पोरं दारात. “मॅडम, ते वायफाय परत केव्हा सुरू होईल?” माझ्याकडे मागच्या इमारतीतून काढलेला एक जुना ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, होता, भंगारात जायचा. तो पुसला, त्याचं पत्ते वाटणं बंद करून नुसता पूल बनवला, मॅकची नोंद केली आणि त्या खोलीत कपाटावर ठेवून दिला. आता तिथला प्रत्येक मोबाईल लॉगमध्ये वेगळा दिसतो. काकांची हजेरी जागेवरून लागते. हा ॲक्सेस पॉइंट डेड स्टॉकला वेगळ्याच खोलीच्या नावावर आहे, आणि हलवायची लेखी परवानगी मी घेतलेली नाही. विचारली असती तर चर्चा करावी लागली असती. अहवाल गुरुवारी द्यायचा आहे.