दोनच म्हणाली होती, मग तिसरं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. बेळगावकडच्या खानापूर भागात आशा (आरोग्य कार्यकर्ती) म्हणून घरोघरी फिरते, तेव्हा हे हमखास विचारलं जातं: 'दोनवर थांबणार' म्हणणाऱ्या घरात तिसरं बाळ कसं येतं? आणि दोन हवी म्हणणारं जोडपं एकावरच कसं थांबतं? लोक सांगतात त्या आकड्याला काही अर्थ आहे का?

आहे. पण तो कुणी, कुणासमोर सांगितला ते बघावं लागतं. सासू उंबऱ्यात उभी असताना सून म्हणते, "दोन बास की, ताई." त्या दोनांत एक मुलगा असणार, हे घरानं धरलेलंच असतं. दुसरीही मुलगी झाली की तिसऱ्याचं बोलणं निघतं. सुनेचं मत बदललेलं नसतं, तिला कुणी विचारलेलंच नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आईला विचारतात: मुलं नव्हती त्या काळात परत जाता आलं, तर किती मुलं व्हावीत असं वाटेल? २०१९-२१ च्या फेरीत देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.० होता. बायकांनी सांगितलेल्या संख्येपुढची बाळंतपणं वगळली, तर तो १.६ भरतो. मला ही तफावत लहान वाटत नाही. खरी याहून मोठीच असेल. मांडीवरच्या लेकराकडे बघत 'हे नको होतं' असं कुठली आई सांगेल?

दुसरं कारण गर्भनिरोधक साधनांचं. त्याच फेरीत कर्नाटकातल्या ५७.४ टक्के विवाहित स्त्रियांचं मूल बंद करण्याचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुष नसबंदी देशभरात जेमतेम ०.३ टक्के. म्हणजे पाळणा लांबवायचा नाही, एकदम थांबवायचा, तोही बाईनंच. तांबी, गोळ्या, अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तरी "सुगी झाली की ऑपरेशनच करू" म्हणतात, आणि तेवढ्यात दिवस जातात.

एकावर थांबणाऱ्यांचं 'दोन'ही खोटं नसतं. नोकरी पुण्याला नाहीतर गोव्यात, खोली भाड्याची, बाळाला सांभाळायला कुणी नाही. दुसरं पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी.

म्हणून तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) भरताना मी 'किती' हे आधी विचारत नाही. 'पुढचं कधी, आणि तोवर काय वापरणार?' हे विचारते, तेही बाळाला डोस द्यायला आई सासूशिवाय अंगणवाडीत येते तेव्हा. नवरा सोबत असला तर त्यालाही बसवून घेते आणि नसबंदीचा विषय तिथंच काढते.