वाढलेलं कुरण आणि नऊ मेंढ्या: सहा आठवडे झाले, आता कुठे बरं दिसतंय

दोन वर्षं कुणी हात न लावलेला एकरभर तुकडा होता, गवत कमरेएवढं. मला वाटलेलं नऊ मेंढ्या सोडल्या की महिन्याभरात चरून साफ होईल. तसं काही झालं नाही. कडेकडेचा कोवळा पाला तेवढा खाल्ला आणि बाकीचं तुडवून त्यावरच रवंथ करत बसल्या, चार दिवसांनी बघतो तर अर्धं गवत आडवं झालेलं, लेंड्यांनी घाण झालेलं, मग त्याला कुणी तोंड लावेना. शेळी असती तर झुडपं तरी ओरबाडली असती, मेंढीला मात्र आखूड, पानाळ गवतच लागतं. आणि एकदा फुलोरा येऊन गेला की गवतात नुसता दांडा उरतो, पोट भरतं पण अंगाला लागत नाही.

त्यात कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत. एका कोकराचा डावा डोळा सारखा गळत होता, धरून पापणी उलटली तर आत एक कुसळ रुतलेलं. कुसळाचं टोक सुईसारखं आणि मागची शेपटी पिळदार, ओल लागली की ती फिरते आणि टोक आणखी आत घुसतं. मी स्वतः ओढलं नाही, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी भूल घालून काढलं. डोळा वाचला, पण बुबुळावर बारीक पांढरा डाग अजून आहे. त्याच दिवशी सगळा कळप बाहेर काढला. कुसळी पिकलेल्या रानात मेंढ्या सोडू नका हे मला कळकळीनं सांगायचंय, लोकरीतून कातडीतसुद्धा घुसतात.

मग ब्रश कटर. जमिनीलगत नाही कापलं, १० ते १२ सेंमी ठेवलं, म्हणजे फुटवा लवकर येतो आणि माती उघडी पडत नाही. कापलेला ढीग तसाच ठेवला तर खालचं गवत पिवळं पडून कुजतं, म्हणून दाताळ्यानं ओढून बाहेर टाकला (हे काम कापण्यापेक्षा जड गेलं, दोन दिवस पाठ धरली होती). कडेला घाणेरीची झुडपं होती, ती मुळासकट खणली, मेंढ्यांनी ती खाल्ली तर लिव्हर खराब होतं आणि उन्हात कान-नाक भाजल्यासारखे होतात.

आता त्या एकराचे आठ पट्टे केलेत. एका पट्ट्यात चार दिवस, मग पुढचा, म्हणजे पहिल्याला २८ दिवस विश्रांती. गवत साधारण २० सेंमी झालं की आत आणि ७-८ सेंमीवर आलं की बाहेर, चार दिवस पुरे झाले नसले तरी बाहेर. विजेची जाळी लावलीये, पण जाळीखालचं गवत आधी कापा, पानं तारेला टेकली की सगळा करंट जमिनीत जातो, आणि मेंढ्यांना ते कळतं, माझ्या दोघी तिसऱ्याच दिवशी पलीकडे होत्या.

चारच दिवस का, तर जंत. उबदार ओल्या हवेत लेंडीतल्या अंड्यांतून अळ्या निघून त्या चार-पाच दिवसांपासून पुढे लागण करायला तयार होतात, आणि बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या ५ सेंमीत असतात. त्यामुळे फार खालपर्यंत चरू द्यायचं नाही, आणि दंव वाळल्याशिवाय मी सोडत नाही. २८ दिवसांत गवत येतं, सगळ्या अळ्या काही मरत नाहीत, म्हणून दर रविवारी प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघतो. आतून लालबुंद असली तर ठीक, फिकट गुलाबी झाली की लक्ष ठेवायचं, पांढरी पडली म्हणजे रक्तपित्या जंतानं चांगलंच रक्त ओढलंय. या रविवारी आठ जणी लाल, एक म्हातारी फिकट. सरसकट सगळ्यांना जंताचं औषध पाजत नाही, जंतांना त्याची सवय होते, फक्त तिलाच देणार, डॉक्टरांना विचारून आणि वजन करून.

पहिल्या पट्ट्यात काल पट्टी लावून मोजलं, १९ सेंमी. खाली दांडे नाहीत, पानं दाट, आणि तुडवलेल्या जागी बारीक तिपानी (तीन-तीन पानांची वनस्पती) उगवलीये जी आधी उंच गवताच्या सावलीत दिसतच नव्हती. परवा आत सोडतोय. आठव्या पट्ट्यात कुसळीचे कोंब परत दिसतायत, फुलायच्या आत तिथे कटर फिरवायचाय.