मॅक्लाउड घराण्याचा माग काढताना : माझा अनुभव

स्कॉटलंडमध्ये एडिंबऱ्यातल्या टुरिस्ट दुकानात आडनाव सांगितलं की लगेच मफलर आणि क्लॅनचं (म्हणजे स्कॉटिश कुळाचं) सर्टिफिकेट पुढे करतात, त्याचा मला मनापासून राग येतो. माझे सासरे मॅक्लाउड, घराणं मूळचं स्काय बेटावरचं. पण आडनाव मॅक्लाउड म्हणजे स्कायवरच्या डनव्हेगन किल्ल्यातल्या, क्लॅनच्या सरदाराचं रक्त असं अजिबात नसतं, त्याच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आसऱ्याला आलेली कितीतरी कुटुंबं तेच आडनाव लावायची. म्हणून म्हटलं कागदच शोधू.

१८५५ पर्यंत भराभर मागे गेले, कारण त्या वर्षापासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली आणि ती स्कॉटलंड्सपीपल या जुन्या नोंदींच्या सरकारी साइटवर मिळते. अडलं ते सासऱ्यांच्या पणजोबांपाशी. नाव नॉर्मन, जन्म १८४८ च्या आसपास, म्हणजे नेमका आधीचा! त्याआधी फक्त चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशची (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) जुनी पुस्तकं, आणि मुलाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे जिथे बघावं तिथे नॉर्मन, जॉन नाहीतर डोनल्ड मॅक्लाउड. शोधणं फुकट आहे पण प्रत्येक पान उघडायला पैसे, आणि उघडल्यावर कळणार की हा आपला नाहीच. शेवटी एका अर्काइव्हला मेल टाकला, कितीतरी आठवड्यांनी उत्तर आलं की नोंद सापडत नाही. बस्स. का सापडत नाही हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती?

कारण साधं होतं. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं, चारशेहून जास्त पाद्री बाहेर पडले, फ्री चर्च निघालं आणि हायलँड्समधली, म्हणजे स्कायसकट उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली बहुतेक जनता तिकडे गेली. मग त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे जुन्या पुस्तकात कुठून असणार! साइटवर ‘इतर चर्च’ असा वेगळा विभाग आहे, तिथे नॉर्मन सापडला तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

तोच आपला हे कशावरून, तर मृत्यूच्या दाखल्यावरून. स्कॉटलंडच्या दाखल्यात वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव दोन्ही असतं, आमच्यात ते मॅकॅस्किल निघालं, बाप्तिस्म्यातही तेच. त्यामुळे सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा, जन्माच्या मागे नंतर लागा. आणि हो, १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, २४ चा माणूस २० चा दिसतो, त्यावरून कोणाला बाद करू नका.

टार्टनवरून, म्हणजे त्या रंगीत चौकड्यांच्या कापडावरून, तर काही ठरवूच नका, क्लॅनगणिक ठरलेली डिझाइन्स बरीचशी १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला त्या सुमारास पक्की झाली.