मिरजेत सापडलेली जाहिरातीची लय

मसाल्याच्या जाहिरातीत हळद दिसली की ती उधळलेलीच असते. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा ढग फुटतो, त्यातून पाकीट वर येतं आणि शेवटी नावावरून पांढरी चमक सरकते. हा ढग इतक्या वेळा फुटलाय की पाकीट कोणाचं होतं हे बघणाऱ्याच्या लक्षातच राहत नाही. मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती चित्रं आणि अक्षरं, करणारे आपण बहुतेक जण त्याच त्या संकेतस्थळांवरचे नमुने बघतो, तेच मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनांच्या फळ्यावर लावतो, आणि क्लायंटही तेच बघून आलेला असतो. त्यामुळे हळदीच्या १५ सेकंदांच्या उभ्या जाहिरातीचं काम हातात आल्यावर मी मार्चमध्ये सांगली गाठली. मनाशी एकच ठरवलं होतं, सुंदर दिसणाऱ्या वस्तूंमागे जायचं नाही. वस्तू किती वेळात हलते, कुठे अडते आणि कशी थांबते, तेवढंच टिपायचं. फोटोतून रंग आणि पोत मिळतो, पण वेळ मिळत नाही, आणि मोशन ग्राफिक्समध्ये आपण विकतो तो वेळच.

मार्केट यार्डात सौदे सकाळी चालतात आणि उन्हं चढली की तिथे उभं राहवत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. राजापुरी हळदीचे ढीग आणि पोती इथे ओळीने मांडलेली असतात. जाहिरातवाल्यांनी आधी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे इथे पूड कुठेच नाही. जे आहे ते हळकुंड, उकडून वाळवलेली अख्खी हळद. व्यापारी ढिगातून एक उचलतो, दोन्ही अंगठ्यांनी मोडतो आणि आतल्या गाभ्याचा रंग बघतो. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणक आवाज येतो, कच्चं राहिलेलं असेल तर ते आधी वाकतं आणि मग तुटतं. फरक सगळा वेळेचा आहे. चांगलं हळकुंड सात-आठ फ्रेम (आपल्याकडे एका सेकंदात अशी २५ स्थिर चित्रं) काहीच करत नाही, फक्त बोटांच्या टोकांवर ताण दिसतो, आणि मग एका फ्रेममध्ये दोन तुकडे होतात. मधली फ्रेमच नाही. आपल्या सवयीप्रमाणे इथे इझी-इझ, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी हळू होणारी चाल, लावलं की ते हळकुंड लगेच ओलं वाटायला लागतं. होल्ड कीफ्रेम ठेवावी, म्हणजे चित्र थांबून एकदम बदलतं, तुटण्याच्या फ्रेमवर मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) बंद करावा आणि आवाज चित्राच्या एक फ्रेम नंतर ठेवावा. एवढ्यावर पहिले दोन सेकंद उभे राहतात आणि ढगाची गरजच उरत नाही.

पिवळी धूळ यार्डात आहे, पण ती फुटत नाही. पोतं रितं करताना जी उठते ती कवडशात आली तरच दिसते, सावलीत गेली की नाहीशी होते, आणि खाली बसायला फार वेळ घेते. पार्टिकल्स, म्हणजे संगणकावरचे कण, करायचेच असतील तर सुरुवातीचा वेग कमी, हवेचा विरोध भरपूर, गुरुत्वाकर्षण जवळजवळ शून्य आणि प्रकाश मागून. कण किती घालायचे याची चिंता त्यानंतर.

रंगाबद्दल थोडं. हळदीचा पिवळा कॅमेऱ्यात लाल चॅनेल पटकन जाळतो आणि ढिगाचे सगळे बारकावे सपाट होतात, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, थोडं खाली ठेवावं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्याने केलेली रंगांची जुळणी, ऑटोवर असेल तर फोन एवढा पिवळा बघून गोंधळतो आणि चित्र निळसर करतो. ग्रे कार्ड, म्हणजे राखाडी पुठ्ठा, ढिगाशेजारी धरून बॅलन्स लॉक करणं हाच उपाय. आणि पांढऱ्यावर पिवळी अक्षरं नकोतच. ऑनलाइन जाणाऱ्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलात साठवली जाते. पिवळा आणि पांढरा यांच्यात उजेडाचा फरक थोडाच, जो आहे तो रंगाचा, त्यामुळे अक्षरांच्या कडा फोनवर विरघळतात. गडद तपकिरीवर हाच पिवळा ठणठणीत उठतो.

कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलावर संध्याकाळी थांबलो. पावसाळ्यात सगळी सांगली या पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारत असते, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आकड्यांचे ग्राफिक्स करणाऱ्यांनी त्या पाण्याची चाल आठवावी. आपला आकडा शून्यापासून सुसाट सुटतो आणि शेवटाला आपटतो. खरं पाणी इंचाइंचाने चढतं आणि माणसाचा जीव अडकतो तो शेवटच्या दोन आकड्यांत. तिथेच वेळ द्यावा, आधीचे आकडे वगळले तरी चालतात. हरिपूरचा संगम, भडंग, लॉजवरची लुकलुकती ट्यूबलाइट, यांत लिहिण्यासारखं फार नाही.

मिरजेबद्दल मात्र लिहायलाच हवं.

सांगलीपासून मिरज साधारण दहा किलोमीटर, सिटी बस किंवा वडाप. सतारमेकर गल्लीत शिरलं की भोपळे आधी दिसतात, छपरापर्यंत रचलेले. हत्यारांना धार लावणारे शिकलगार १९व्या शतकात वाद्यं बनवण्याकडे वळले आणि ती कारागिरी इथे टिकली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. पण मी जे बघायला गेलो होतो ते दोन-अडीच इंचांत घडतं, तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर.

घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो. तसा तो नसतो, त्याला अगदी थोडा फुगीर उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर घासत, टेकत, सुटत थरथरते आणि त्यातून तो भरलेला, झिणझिणता नाद निघतो. हीच जवारी. कारागीर तार छेडतो, ऐकतो, तार बाजूला सारून कानशीचे दोन हात मारतो, बारीक पॉलिश पेपर फिरवतो, तार परत बसवतो, पुन्हा छेडतो. उतार कमी पडला तर तार खडखडते आणि लवकर मरते, जास्त झाला तर आवाज बंद, कोरडा. माथा जमला की तारेखाली सुताचा धागा, म्हणजे जीवा, सरकवतो. तो केसभर पुढेमागे झाला की तंबोरा बोलायला लागतो किंवा गप्प होतो. हे काम घड्याळावर होत नाही आणि मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.

आता यात जाहिरातीचं काय? आपल्या लोगोची चाल बघा. वरून पडतो, दोनदा उसळी घेतो, संपतो. सगळा जोर पहिल्या क्षणाला आणि पुढे फक्त उतरण. आफ्टर इफेक्ट्स या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं उसळीचं जे एक्स्प्रेशन (छोटं सूत्र) सगळे चिकटवतात त्यात फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेकंदातले हेलकावे, ३ आणि डिके, म्हणजे घसरणीचा वेग, ५ असतो. त्या हिशेबाने अर्ध्या सेकंदात हालचाल ८ टक्क्यांवर येते आणि एका सेकंदात एक टक्काही उरत नाही. तंबोऱ्याची तार अशी वागत नाही. छेडल्याक्षणी येतो तो जाड, गोल आवाज. वरचे स्वर, ती चमचम, थोड्या उशिराने वर येते, फुलते आणि मूळ आवाज उतरत असतानाही तरंगत राहते. म्हणजे एकाच घटनेत दोन आलेख आहेत, एक लगेच उतरणारा आणि दुसरा उशिरा चढून सावकाश उतरणारा.

हे जसंच्या तसं टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वेळेच्या पट्टीवर, बसतं. लोगोच्या जागेला किंवा आकाराला डिके १.५ च्या आसपास द्यावा, मग एका सेकंदाला २२ टक्के आणि दोन सेकंदांना ५ टक्के थरथर उरते. उसळीचा पल्ला अगदी छोटा ठेवायचा, नाहीतर लोगो जेलीसारखा हलतो. चमक, कडेची रेघ, बारीक कण, जे काही वरचं असेल ते वेगळ्या लेयरवर. त्याची तीव्रता काढताना घसरणीच्या सूत्राला वेळेनेच गुणायचं. घसरणीचा आकडा २ ठेवला तर ती शून्यापासून चढते आणि बरोबर अर्ध्या सेकंदाला, २५ फ्रेमच्या हिशेबात बाराव्या-तेराव्या फ्रेमला, शिखरावर जाते. तोवर लोगोची आधीच छोटी असलेली थरथर निम्म्याखाली आलेली असते. बघणाऱ्याला नाव आधी वाचता येतं आणि झळाळी नंतर दिसते. बहुतेक जाहिरातींत हे नेमकं उलटं होतं, झळाळीत नाव बुडतं.

चार तारांची फेरीही उपयोगी आहे. पंचम (प), मग जोडीचे दोन षड्ज (सा), मग खर्ज (खालचा सा), आणि खर्जानंतर किंचित विसावा. आधीची तार मरायच्या आत पुढची सुरू होते, म्हणून तंबोऱ्यात भोक पडत नाही. दुकानातल्या स्क्रीनसाठी सतत फिरणारा लूप करताना हेच लागतं. पाच सेकंदांची फेरी म्हणजे १२५ फ्रेम. कॉम्पोझिशन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक तुकडा, २०० फ्रेमची करावी, म्हणजे शेवटच्या ठोक्याची शेपटी पूर्ण उतरते. मग त्याची एक प्रत शून्यावर आणि दुसरी १२५ फ्रेम आधी ठेवून १२५ फ्रेमच बाहेर काढाव्यात. शेपटी पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर पडते आणि सांधा दिसत नाही. अशा लूपच्या शेवटी फेड-आउट लावणारे लोक दर पाच सेकंदांनी दुकानात अंधार करतात, आणि तेही उत्साहाने.

टिपायचं कसं, यात फसवणूक बरीच आहे. फोनच्या कॅमेऱ्यात थरथरती तार सापासारखी नागमोडी दिसते. तार तशी नसते. सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो आणि तेवढ्या वेळात तार जागा बदलते, म्हणून तो आकार येतो. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, म्हणजे २५ फ्रेमच्या एका फ्रेममध्ये तार जवळजवळ पावणेतीन वेळा हेलकावते. डोळ्याला दिसतो तो मध्ये रुंद आणि टोकांना निमुळता पट्टा. चित्रात तोच काढावा आणि त्याची रुंदी उतरवत न्यावी. नागमोडी तार खोटी वाटते, तंबोरा कधी हातात न धरलेल्यालासुद्धा. ट्यूबलाइटखाली स्लो मोशन घेतलं तर चित्र धडधडतं, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. साध्या वेगाला शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवून भागतं, सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनला दारातला सूर्यप्रकाशच हवा. आवाजासाठी फोनचं आपोआप आवाज वाढवणं बंद करता येईल असं अॅप घ्यावं. नाहीतर नाद उतरायला लागला की फोन तो वर ओढतो आणि जी घसरण मोजायची तीच सपाट होते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, माइक घोडीपासून वीतभर लांब आणि पंखा बंद. पंखा बंद करायला सांगायचं म्हणजे मार्चमध्ये कारागिराला घाम काढायला लावायचा, म्हणून हे काम थोडक्यात उरकावं आणि त्याच्या वेळाचे पैसे द्यावेत.

या गल्लीतल्या पाहुणचाराबद्दल माझं मत फार चांगलं आहे. चहा न मागता येतो आणि तंबोरा घेणार नाही हे माहीत असूनही बसायला जागा मिळते. त्याचा गैरफायदा घेणारे बघून वाईट वाटतं. जवारी काढताना समोर रिंगलाइट लावून उभे राहणारे, कारागिराला ‘परत एकदा वाजवा’ म्हणणारे, आणि कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता निघून जाणारे. ज्याच्या कानावर सगळं काम अवलंबून आहे त्याच्या कानाशी बडबड करू नये, एवढं तरी पाळायला हवं.

पॉलिशच्या खोलीत आणखी एक गोष्ट मिळाली. चपड्याच्या (लाखेच्या पॉलिशच्या) पातळ थरांवर थर चढलेल्या भोपळ्यासमोर उभं राहून डोकं डावीउजवीकडे हलवा. भोपळ्याच्या गोलाईवर प्रकाशाचा ठिपका लहान राहतो आणि रेंगाळतो. दांडीच्या जवळजवळ सपाट भागावर तोच पसरतो आणि सरकन निघून जातो. वक्रता जास्त तिथे चमक सावकाश, कमी तिथे वेगाने. लोगोवरून एकाच वेगाने तिरकी सरकणारी पांढरी पट्टी नकली वाटते ती यामुळे. उठावदार अक्षर असेल तर पट्टीचा वेग अक्षराच्या मधल्या सपाटीवर तिप्पट-चौपट करावा, कडेशी ती अरुंद करून थांबवावी.

परतताना सांगलीत एका पेंटरच्या दुकानासमोर पाटी रंगत होती. त्याने खडूने वरची रेघ आखली, अक्षरं तिच्याखाली लटकवत गेला आणि शिरोरेषा ब्रशने सगळ्यात शेवटी एका दमात ओढली. आपल्या सॉफ्टवेअरला हे जमत नाही. अक्षरागणिक अॅनिमेशन लावलं की काना-मात्रा सुटतात, जोडाक्षरं फुटतात. भारतीय लिप्या जुळवणारं टेक्स्ट इंजिन असेल तर जुळणी सुधारते, तरी एकेक अक्षर वेगळं फेड-इन केलं तर शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे गडद ठिपके उमटतात. म्हणून नावाचे शेप, म्हणजे अक्षरांऐवजी नुसते आकार, करून घ्यावेत, शिरोरेषा कापून तिची एकच पट्टी वेगळ्या लेयरवर ठेवावी आणि अक्षरं पूर्ण अक्षर धरून, मात्रेसकट, सुटी करावीत. मग क्रम आपल्या हातात राहतो. रेघ आधी आणि अक्षरं नंतर आली तर नाव टांगल्यासारखं वाटतं, कपड्यांच्या ब्रँडला ते शोभेल. हळदीसाठी मी पेंटरचा क्रम घेईन. हळकुंड मोडल्याच्या दोन तुकड्यांसारखी अक्षरं आधी जागेवर थांबतील, आणि शिरोरेषा शेवटच्या पन्नास फ्रेममधल्या पहिल्या दहांत डावीकडून उजवीकडे जाईल, सुरुवातीला वेगात आणि टोकाला ब्रश उचलल्यासारखी निमुळती.