आलाय का बघ गं

एकत्र कुटुंब मोडलं, मोबाईलने घरं फोडली, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली वगैरे लेख दर रविवारी कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येतात आणि ते फॅमिली ग्रुपवर सगळ्यात आधी टाकतात ते आमचे बाबा. मला ते पटत नाही. म्हणजे कुणाची फोडली असतीलही, पण आमच्यापुरतं बोलायचं तर आईबाबा बोरिवलीला, दादा-वहिनी हिंजवडीला, मावशी डोंबिवलीला आणि मी भांडुपला, असे चार दिशांना पांगलेले आम्ही दिवसभरात जेवढे फोन एकमेकांना करतो तेवढं तर गिरगावात दोन खोल्यांत सगळे एकत्र राहायचे तेव्हाही कुणी बोलत नसेल. कारण तेव्हा ओटीपी नव्हता.

फोन उचलला की हॅलो नाही, कशी आहेस नाही, जेवलीस का तर नाहीच नाही. थेट "आलाय का बघ गं." काय आलाय, कुणाचा आलाय, हे विचारायची पद्धत नाही. मी मीटिंगमध्ये असो नाहीतर कांजूरच्या ब्रिजवर धक्के खात असो, मेसेज उघडायचा, सहा आकडे वाचायचे, पलीकडून "हां, झालं" आणि फोन कट. आईचा रेकॉर्ड बहुतेक अकरा-बारा सेकंदांचा असेल, आणि ही तीच आई आहे जी एरवी फोन ठेवताना "बरं मग, ठेवते" म्हणून पुढे वीस मिनिटं बोलते.

हे माझ्याच गळ्यात कसं पडलं त्याला तसं काही मोठं कारण नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटाबंदी, आणि त्याच सुमाराला बँक, गॅस, लाईट बिल, आधार, सगळ्यांना अचानक एकदम मोबाईल नंबर हवा झाला. बाबांचा फोन तेव्हा कपाटात कपड्यांच्या घडीखाली असायचा, आईच्या फोनवर भजनं चालायची आणि दादा दर ऑफरला सिम बदलायचा. तेव्हा प्रत्येक फॉर्मवर बाबांनी माझा नंबर ठोकून दिला, "हिचा बदलत नाही" म्हणून. मावशीने बाबांचं बघून दिला. झालं. तसा कार्डाने ऑनलाईन पैसे भरायला ओटीपीसारखा दुसरा पुरावा लागण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्याही आधीचा, ऑगस्ट २००९ पासूनचा, पण २००९ मध्ये आमच्या घरात ऑनलाईन काही घेत कोण होतं, आयआरसीटीसीचं तिकीट सोडलं तर.

आता परिणाम बघा. माझ्या एसएमएसच्या इनबॉक्समध्ये चार घरांचा संसार आहे. कार्डाच्या ओटीपीसोबत रक्कम आणि दुकानाचं नाव पण येतं, त्यामुळे दादाने वहिनीला वाढदिवसाला काय घेतलं हे वहिनीच्या आधी मला कळतं (दादाने कुठल्यातरी ऑफरसाठी आईचं कार्ड वापरलेलं असतं). मावशी दुपारी तीनच्या सुमाराला गाऊन मागवते, एकावेळी तीन, त्यातले दोन परत करते, हे मला माहितीये. भाच्याने आजीच्या कार्डावर गेममध्ये कसली तरी तलवार घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा मी इकडे ऑफिसात बसून ती खरेदी अडवली, नुसतं आकडे न सांगून. एवढी पॉवर पूर्वीच्या काळी फक्त तिजोरीच्या किल्ल्या कमरेला लावणाऱ्या आजेसासूकडे असायची.

आणि दर नोव्हेंबरात तर कहर असतो. बाबा पोस्टातून रिटायर झाले, म्हणजे केंद्र सरकारचं पेन्शन, म्हणजे वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवायचं. २०१४ पासून ते जीवन प्रमाण ऑनलाईन करता येतं आणि आता तर मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले तरी चालतं, बाबा ते इतकं मन लावून मिचकावतात की आईला वाटतं चक्कर आली. मग मेसेज येतो. कुणाला, तर मला. माझे वडील हयात आहेत असं सरकार मला एसएमएसने कळवतं आणि ते समोर बसून पोह्यात लिंबू पिळत असतात.

त्यांना स्वतःला ह्या सगळ्याचा राग आहे पण तो वेगळ्याच ठिकाणी निघतो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आणि मग ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टलाही ओटीपी देऊन डिलिव्हरीची सोय आली, तेव्हा ते दोन दिवस जेवताना बोलत नव्हते असं आई म्हणाली. पोस्टमनला सही देतात, आकडे नाही, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं बाबा सही कुणीही करतो, शेजारच्या काकूंनी तुमच्या नावाने किती सह्या ठोकल्यात. ते म्हणाले हो, पण त्यांना विचारून ठोकल्यात.

एसएमएसचं मला मात्र खरंच वाईट वाटतं. आमच्या कॉलेजच्या काळात ह्याच इनबॉक्समध्ये काय काय होतं. एसएमएस पॅक मारायचा, आणि दिवाळीला नि थर्टीफर्स्टला कंपन्या पॅक बंद करून नेमके पैसे लावायच्या म्हणून आदल्या रात्रीच सगळ्यांना शुभेच्छा पाठवून टाकायच्या. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली (लगेचच ती दोनशे केली) तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या दोघांचं जवळजवळ ब्रेकअप झालेलं. आज त्याच इनबॉक्समध्ये माणसाने माणसाला लिहिलेला एकही मेसेज नाही, फक्त आकडे, आणि मी न मागितलेली कर्जं मंजूर झाल्याच्या बातम्या.

बरं ते मेसेज पाठवणाऱ्याचं नाव असतं ना, सुरुवातीला दोन अक्षरं आणि मग डॅश, ते मी आता पत्रिकेसारखं वाचते. पहिलं अक्षर कंपनीचं, म्हणजे जे असेल तर जिओ, व्ही असेल तर व्होडाफोन आयडिया, आणि दुसरं टेलिकॉम सर्कलचं, म्हणजे त्यांच्या विभागाचं. मुंबईला एम, बाकीच्या महाराष्ट्राला झेड. हो, टेलिकॉमवाल्यांनी मुंबई कधीच महाराष्ट्रापासून वेगळी काढलीये आणि कुणी मोर्चा काढला नाही. त्यातही गंमत म्हणजे ह्यांच्या मुंबईत नवी मुंबई आणि कल्याण पण येतं, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या लोकांना मुलुंडच्या पुढे व्हिसा लागतो असं वाटत असलं तरी मोबाईलच्या टॉवरला तसं काही वाटत नाही. मे २०२५ पासून नावाच्या शेवटीही एक अक्षर येतं, जाहिरात असेल तर पी, सेवा असेल तर एस, व्यवहार असेल तर टी, सरकारी असेल तर जी. मावशीला हे शिकवलं. आता ती फोनवर सांगते "अगं पी आलाय, घेऊ का?" घेऊ नकोस मावशी, पी म्हणजे कुणीतरी काहीतरी विकतंय.

आकडे वाचून दाखवणं हा तर वेगळाच विषय. लेडीज डब्यात संध्याकाळी ऐका, निम्म्या बायका कुणाला तरी आकडे सांगत असतात, तेही ओरडून, आणि मेसेजमध्ये वर स्पष्ट लिहिलेलं असतं की हा कोड कुणालाही सांगू नका. घाटकोपर ते ठाणे ह्या पट्ट्यात एखाद्याने नुसता कान उघडा ठेवला तर, जाऊ दे, आयडिया नको द्यायला. आमच्याकडे अडचण अशी की आई मराठीत जोड्या करून सांगते. "एकोणऐंशी, सत्त्याऐंशी, बासष्ट." भाचा इंग्लिश मीडियमचा. एकोणऐंशी ऐकून त्याने एकोणनव्वद दाबलं, सत्त्याऐंशीला तर त्याने फोन वहिनीकडे दिला. वेळ संपली, रीसेंड. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तर दोन, वीस एक असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गोंधळ झाला होता, पार विधानसभेत गाजलं, भाषा बुडाली म्हणून लोक रडत होते आणि बालभारतीच्या गणित समितीच्या मंगला नारळीकर बिचाऱ्या शांतपणे समजावत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. मी पण तेव्हा "काय हे" म्हणणाऱ्यांतलीच होते. पण तीस सेकंद उरलेत, ट्रेन भांडुपला शिरतेय आणि पलीकडे नऊ वर्षांचं पोर आहे अशा वेळी सत्तर नऊला पर्याय नाही. बाई बरोबर होत्या.

आता तुम्ही म्हणाल की ओटीपी असा फोनवर देणं चूक आहे. आहेच. अमिताभ बच्चननी आम्हाला किती महिने सांगितलं, प्रत्येक कॉलच्या आधी, तो सरकारी सायबर जागृतीचा संदेश २०२५ च्या जूनमध्ये बंद केला तोवर आमच्या आईला तो पाठ झाला होता. ती तो पूर्ण ऐकायची, मान डोलवायची, आणि रिंग वाजून मी उचलला की "आलाय का बघ गं." आईच्या डोक्यात "कुणालाही" ह्यात मुलगी येत नाही. तिचं तरी काय चुकलं. हे सगळे नियम असं धरून चाललेत की एक माणूस, एक नंबर, एक खातं. मला आमच्या नात्यात असं एकही घर दाखवा. आईच्या नावावर गॅस, बाबांच्या नावावर जागा, वीज अजून आजोबांच्या नावाने येते आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली.

ह्याचा खरा घोळ यूपीआयला होतो. ओटीपी निदान वाचून दाखवता येतो, पण यूपीआय सुरू करायचं तर बँकेत ज्या नंबराची नोंद आहे ते सिम त्याच फोनमध्ये लागतं, तिथूनच त्यांचा तो मेसेज जातो. बाबांच्या खात्याला नंबर माझा. म्हणजे बाबांच्या फोनवर बाबांचं यूपीआय नाही. ते भाजीला पाचशेची नोट घेऊन जातात, भाजीवाल्याकडे सुट्टे नसतात कारण बाकी सगळं जग स्कॅन करतंय, आणि मग दोघं मिळून मला शिव्या घालतात. नंबर बदलून घ्या म्हटलं तर फॉर्म भरायचा कंटाळा.

मग मी शोधून काढलं की ऑगस्ट २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोय आहे. आपल्या खात्यातून घरच्या माणसाला त्याच्या फोनवरून पैसे देता येतात, एका वेळी पाच हजारांपर्यंत, महिन्याला पंधरा हजारांपर्यंत, नाहीतर मग प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यायची. खूश होऊन बाबांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी मुलीच्या खात्यातून कोथिंबीर घ्यायची?" मी म्हटलं हिशेब करू ना महिन्याला. "आणि मला त्यात काय म्हणणार?" मी सांगायला नको होतं पण स्क्रीनवरच होतं, सेकंडरी युजर. विषय संपला. चाळीस वर्षं सॉर्टिंग केलेल्या माणसाला सेकंडरी म्हणायचं नसतं.

तसं बघितलं तर वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, आणि पुढे दिल्ली हायकोर्टाने मोठी मुलगी कर्ताही होऊ शकते असं सांगितलं. कागदावर छान आहे. आमच्याकडे तो निकाल कुणी वाचलेला नाही पण घराचा कर्ता कोण म्हणाल तर जिच्या फोनमध्ये सिम ती. फक्त आजोबा कर्ते होते तेव्हा त्यांना आयता चहा मिळायचा. मला मिळतात मिस्ड कॉल, आणि रिचार्ज संपत आला की चार घरांतून काळजीचे फोन, माझी नाही, रिचार्जची.

१ एप्रिल २०२६ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आलेत, दुसरा पुरावा लागणारच पण तो एसएमएसचाच हवा असं नाही, बोट चालेल, चेहरा चालेल, ॲपमधला टोकन चालेल. मी लगेच ग्रुपवर टाकलं की आता प्रत्येकाने आपापलं बोट वापरा. दादाने अंगठा टाकला. आईने हात जोडले. मावशीने विचारलं मग गाऊन परत करायला कुणाचं बोट लागेल.

शेवटी गणपतीत सगळे जमलेलो तेव्हा मी वाटणी मागितली. बँक माझ्याकडे, मावशी माझ्याकडे (तिने नकारच दिला बदलायला), गॅस दादाकडे. गॅसवाला आला की डिलिव्हरीचा कोड लागतो, तो आता दादाच्या फोनवर जातो. म्हणजे बोरिवलीत चौथ्या मजल्यावर सिलिंडर आणि कोड हिंजवडीत. पहिल्याच वेळी दादा क्लायंट कॉलवर, फोन सायलेंट, वहिनी ट्रॅफिकमध्ये. सिलिंडरवाला दारात, सोसायटीची लिफ्ट बंद होती त्यामुळे तो आधीच घामाघूम, कोडशिवाय सिलिंडर ठेवणार नाही आणि उचलून परत खालीही नेणार नाही. बाबांनी त्याला आत बसवलं, पंखा लावला, आईने चहा टाकला. पाऊण तासाने दादाचा फोन आला तोपर्यंत तो मूळचा चिपळूणचा असल्याचं, त्याचा चुलता पोस्टात होता आणि बाबा त्याला ओळखायचे असं सगळं निघालेलं. आता पुढच्या सिलिंडरला कोड लवकर पाठवू नकोस असं बाबांनी दादाला सांगून ठेवलंय.