"ते कुठं ऑपरेशन?"

"पोटाचं ऑपरेशन झालंय का आधी?" डॉक्टरांनी विचारलं. आई ठामपणे म्हणाली, "नाही."

तपासायला पदर सरकवला तर बेंबीखाली वीतभर उभा व्रण. "मग हे काय, आजी?"

"अहो, ते पिशवीचं. ते कुठं ऑपरेशन? तीस वर्षं झाली त्याला."

त्याच व्रणाने घात केला होता. पोट उघडलं की आत जखम भरताना बहुतेकदा चिकटपट्टे, म्हणजे आतल्या अवयवांना एकमेकांशी चिकटवणारे पट्टे, तयार होतात. वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि एक दिवस आतडं त्यात अडकतं. लहान आतड्यातल्या अडथळ्याचं हेच सगळ्यात मोठं कारण म्हणे.

दोन दिवस नाकात नळी, सलाइन, तोंडाला पाणी नाही. तरी अडथळा सुटेना, तेव्हा दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तीन छोटी भोकं. सुमारे ६ मीटरचं आतडं आणि त्याला आवळून बसलेला पट्टा किती? सुतळीएवढा! तो कापला, आतडं मोकळं झालं. आतडी फार फुगली असती किंवा सगळीच चिकटली असती तर पुन्हा पोट उघडावं लागलं असतं.

आता आईची एकच तक्रार, खांदा का दुखतोय? (ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसमुळे. दोनदा सांगितलं, पटलेलं नाही.)

मला मात्र ते "नाही" छळतंय. घरी येऊन मावशीला फोन केला, "तुझं पोटाचं काही ऑपरेशन?"

"छे गं."

मग जरा थांबून, "सिझर धरायचं का त्यात?"