भिंतीपलीकडचा भोपळा

शाळेत गणितात भोपळा मिळाला की आई म्हणायची, निदान खायचा तरी आणला असतास. चाळीसेक वर्षांनी आणला, चांगला सत्तावीस किलोंचा. पण तो उगवला आमच्या परसात आणि वाढला शेजारच्या अक्कांच्या परड्यात. सगळा घोळ तिथंच झाला.

बी ‘अटलांटिक जायंट’चं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्यानं निवडून निवडून हे वाण तयार केलं. याच वाणाच्या वंशातला एक भोपळा २०२३ साली अमेरिकेत जवळजवळ १,२४७ किलो भरला, म्हणजे दोन धडधाकट म्हशी! मला तेवढी हाव नव्हती. वडगावात नाव झालं तरी पुष्कळ होतं.

मृगात बी टोचलं, दोन पाट्या शेणखत घातलं. आषाढात वेल असा सुटला, की सकाळी बघावं तर रात्रीपेक्षा वीतभर पुढं. थोराड भोपळा धरायची एक युक्ती असते. वेलाच्या पेरांवर माती ओढत जायचं, म्हणजे पेरापेराला मुळं फुटतात. मी ओढत गेलो. वेल पडक्या भिंतीवरून पलीकडं उतरला आणि तिथं अक्कांनीही तेवढ्याच हौसेनं माती ओढली.

मादी फुलाच्या बुडाशी लिंबाएवढी गोळी असते, तोच होणारा भोपळा. फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. आमच्याकडच्या झडीत मधमाश्या काही बाहेर पडत नाहीत. मग हे काम माणसानंच करायचं : नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतला केसर मादी फुलात हलकेच फिरवायचा. नेमकं चांगलं मादी फूल उमललं पलीकडं. सकाळी सहाला एका हातात छत्री, दुसऱ्यात फूल, असा भिंत ओलांडताना मी सापडलो.

“काय करालास रे, भल्या पहाटे माझ्या परड्यात?”

“लग्न लावतोय, अक्का.”

“मग अक्षता तरी द्यायच्या होत्यास की!”

फळ धरलं आणि खरी अडचण सुरू झाली. एका वेलावर एकच ठेवायचं, बाकी सगळी खुडायची. “एवढा मोठा वेल आणि एकच पोर?” अक्कांना हे पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. ज्या घरात वेलाची कोवळी पानंसुद्धा भाजीला जातात तिथं रोज दोन-चार कवळे भोपळे खुडून टाकणं म्हणजे पापच. अक्कांनी दोन पानांआड लपवलेच. ते मी बघितले आणि नाही बघितले.

कोवळी साल उन्हानं लवकर निबर होते म्हणून वरती आईची जुनी शहापुरी साडी बांधली, खाली भाताचं गवत. गल्लीतली माणसं बघायला येऊ लागली. कुणी विचारी “किती किलो?”, कुणी “एष्टु किलो?”, आणि मग हमखास : “पण हा कुणाचा?” बेळगावच्या माणसाला हा प्रश्न काही नवा नाही. १९५६ पासून तो चालूच आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. बी माझं, माती त्यांची, मुळं दोन्हीकडं. आमच्याकडं आयोग नेमायला कुणाला वेळ नव्हता.

दसऱ्याआधी तोडला. एवढा मोठा काटा कुठला? न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर भोपळा कवेत घेऊन उभा राहिलो, तर १०९. मग एकटाच, ८२. सत्तावीस हा आकडा गल्ली आठ दिवसांत विसरली. ८२ अजून लक्षात आहे.

अख्ख्या भोपळ्याला पहिली विळी बाईमाणसानं लावायची नाही, ही रीत दोन्ही घरांत सारखीच. म्हणून अक्कांच्या कट्ट्यावर, अक्कांच्या विळीनं, मी तो फोडला. फोड मोठी देखणी, पण चव पाणचट. मोठा झाला की भोपळ्याचं असंच होतं. आमच्या घारग्यांत गूळ दीडपट गेला, त्यांच्या कडबूत किती गेला ते अक्कांनी सांगितलं नाही.

बिया त्यांच्याच गच्चीवर वाळत घातल्या होत्या. निम्म्या मागायला गेलो तर मोजून अकरा हातावर ठेवल्या.

“बाकीच्या?”

“उंदरांनी नेल्या.”

परत येताना बघितलं, तर भिंतीला लागून त्यांच्या बाजूला एक आळं करून ठेवलं होतं. शेणखत घातलेलं.